हातमोज्यांची खंडेनवमी

गोलकीपरच्या हातमोज्यांना तिळाचं तेल चोळणारी बाई अख्ख्या भारतात एकच होऊन गेली असेल, ती मी. सुमे, तू कोल्हापुरात बसून दर फोनला विचारतेस, "ताई, ते तेलाचं नक्की काय झालं होतं गं?" आणि माझ्यासारखीच घर सोडून कुठे कुठे पांगलेली आपली सगळी भावंडं लग्नाकार्यात मलाच छेडतात. एकदाचं लिहून टाकते, म्हणजे माझी सुटका.

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर आम्ही ऐन नवरात्रात सोडलं. हे रिटायर झालेले, नोएडात फ्लॅट घेतलेला. शेजारच्या तमिळ मामी दारात उभ्या राहून रडत होत्या आणि मी ट्रकवाल्याशी भांडत होते, कारण त्याने माझं देवघर गॅसच्या सिलिंडरखाली घातलं होतं. नवी नवरी म्हणून ज्या शहरात आले, तिथल्या त्या दोन खोल्यांना धड निरोपही दिला नाही. कोल्हापूर सोडताना आई म्हणाली होती, "जिथं चूल, तिथं कुळाचार." तेवढं एक वाक्य पदरात बांधून मी आयुष्यभर हिंडले, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

नोएडाचं काय सांगू? सेक्टर म्हणजे नुसता आकडा. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर "वो अधूरी बिल्डिंग के आगेवाली अधूरी बिल्डिंग". केबलवर ढिगाने चॅनेल, नळाला खारट पाणी, आणि लाईट गेली की खालचा जनरेटर असा धडधडायचा की आरतीत स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. देश म्हणे खुला झाला होता. माझी खिडकी मात्र धुळीपायी कायम बंद.

नितीन, माझा मुलगा, तेव्हा कॉलेज संपवून एका क्लबात पगारावर खेळायला लागला होता. दोन नंबरचा गोलकीपर. म्हणजे बाकावर बसायचा पगार. ह्यांनी त्याला बजावलं होतं, क्लबने पुढच्या मोसमाला ठेवलं तर ठीक, नाहीतर बिल्कुल मुकाट्याने क्लार्कच्या परीक्षेला बसायचं. मी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. पोटच्या पोराने कडक जमिनीवर धाडकन पडायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, हे कसलं करिअर? माझ्या वाट्याला त्याच्या मातकट चड्ड्या तेवढ्या यायच्या.

आणि एक नंबरच्या गोलकीपरचा पाय मुरगळला. दसऱ्याच्या दिवशी नितीनने पहिल्यांदा खेळायचं ठरलं. इतके दिवस कपाळाला आठ्या घालणारे हे, गुपचूप साऊथ एक्सटेन्शनच्या नव्या शोरूममधून परदेशी हातमोजे घेऊन आले.

आदल्या दिवशी खंडेनवमी. सुमे, आपल्याकडे बाबांच्या लेथवरची सगळी अवजारं पुसून, तेलाचा हात देऊन पाटावर मांडायचे, आठवतं ना? नोएडात अवजार म्हणावं असं काय होतं? ह्यांचं पेन, माझी विळी, स्कूटरचे पाने. आणि हे मोजे, पोराच्या पोटापाण्याचं साधन. तळव्यांचं रबर मला कोरडं लागलं. कोरडं लोखंड गंजतं, तसं कोरडं रबर तडकत असणार, असा शोध मी शहाणीने लावला. दोन्ही तळव्यांना तेल छान मुरवलं, वर हळदकुंकू वाहिलं, आणि किती वेळ कौतुकाने बघत बसले.

दसऱ्याला सकाळी त्याने घाईत मोजे पिशवीत कोंबले. जुने कुठल्या खोक्यात गेले होते, देव जाणे. संध्याकाळी हे मैदानावरून आले ते चिडूनच. "शाळेतल्या पोरीने धरला असता असा बॉल. हातात आला आणि सटकन गोलमध्ये. मग मोजे काढून फेकले आणि उघड्या हातांनी खेळला. काय झालं होतं त्याच्या हातांना, कोण जाणे."

मला कळलं.  नितीनला विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, बॉल ओला होता." पावसाचा थेंब नव्हता. एका गोलने हरले होते आणि पुढच्या सामन्याला एक नंबरवाला परतणार, म्हणजे हा पुन्हा बाकावर.

आता गप्प बसायचं ना? छे. दोन दिवसांनी डबाभर करंज्या घेऊन, दोन बसेस बदलून मी मैदानावर हजर. पोरं सराव करत होती. कोच म्हणजे एक उंच गढवाली गृहस्थ. त्यांच्यासमोर माझ्या दिव्य हिंदीत मी सगळं ओकले. तेल मेरा, पूजा मेरी, लडके को मत निकालो. ते शांतपणे करंजी खात राहिले.

मग म्हणाले, "माताजी, तेल तो मैंने उसी दिन सूँघ लिया था. पूछा, तो बोला, गलती मेरी है, पहनने से पहले देखा नहीं. उसके बाद नंगे हाथ जो खेला, वो भी देखा मैंने. अगले साल भी रखूँगा. आप घर जाइए."

घर जाइए. आता नातवंडं विचारतात, "आजी, तुझं घर नक्की कुठलं? कोल्हापूर, की आर. के. पुरम, की हे?" त्यांना 'माहेर' म्हणजे काय, हे सांगण्यातच माझा अर्धा दिवस जातो, यार. खरं तर कोल्हापुरात गेलं की मी दिल्लीवाली, इथे मी मराठी आंटी. मला मात्र घर म्हटलं की ती दुपार आठवते. कोचनी जायला सांगितलेलं, मी रिकामा डबा घेऊन मैदानाच्या कडेला तशीच उभी, आणि नितीन तणतणत माझ्याकडे येतोय, ढोपरं सोलटलेली, चेहरा लाजेने लाल. म्हणाला, "आई, ग्राउंडवर कोणाची आई अशी येते का? बघ, सगळे हसतायत. आता आलीच आहेस, तर जा, गोलच्या मागे बस. मी पडलो तरी ओरडायचं नाही, आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही."