नानांचा डबा आणि एक बंद कॅमेरा

शिरपूरच्या नानांना कुणी कॅमेरा दाखवला, की ते आधी त्याच्या डाव्या खुंटीकडे बघत. रोल भरल्यावर लिव्हर ओढली की ती खुंटी फिरायला हवी. नाही फिरली, तर फिल्म आत अडकलेलीच नाही, आकडा मात्र पुढे सरकत राहतो. "खुंटी नही फिरनी त बठ्ठा फोटू हवामा ग्यात," असं ते दर गिऱ्हाइकाला बजावत. खुंटी न बघणारा फोटोग्राफर त्यांच्या लेखी माणसातच जमा नव्हता.

त्यांचा फोटो स्टुडिओ बंद झाला, पाठोपाठ त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, गेल्या. मुलगा पुण्याला. रिकाम्या घरात नानांनी शटर तपासायचं यंत्र करायला घेतलं. अक्कांच्या स्टीलच्या डब्यात त्यांनी उजेड ओळखणारा सेन्सर आणि एक चिमुकला स्क्रीन बसवला. कॅमेऱ्याची पाठ उघडायची, पुढून उजेड सोडायचा, मागे सेन्सर धरायचा आणि बटण दाबायचं. शटरचा पडदा किती वेळ उघडा राहिला ते स्क्रीनवर उमटे. पहिल्यांदा त्यांनी घरातलाच बल्ब लावला आणि आकडे वेड्यासारखे नाचू लागले. बल्ब डोळ्यांना दिसणार नाही इतका भरभर लुकलुकतो हे कळेपर्यंत माझा धडधाकट कॅमेरा त्यांनी दोनदा खोलला होता. मग बल्बच्या जागी हातातली बॅटरी आली आणि आकडे ताळ्यावर आले.

पण फिल्मचे कॅमेरे आता उरलेत कुणाकडे? धुळ्याहून रविवारच्या एस.टी.ने जाणारा मी एकटाच. तेच दोन कॅमेरे मी आलटून पालटून नेई. "तुना कॅमेरा बी तुना मायकच आळशी शे," असं म्हणत, कॅमेऱ्याला माझ्यासारखाच ठरवत, ते तासभर रमत. चहा ते नेहमी तीन कप करत, आणि तिसरा ओट्यावर निवून जाई.

त्यांचा स्वतःचा कॅमेरा मात्र कपाटावर होता. सोनगीरच्या किल्ल्यावर अक्कांचे शेवटचे फोटो त्यांनी त्यातच काढले होते. गाडी सुटेल म्हणून अक्कांनी घाई केली आणि नानांनी रोल एस.टी. स्टँडवरच उभ्या उभ्या भरला, हे ते हसत सांगत. रोल अजून आतच होता.

"नाना, गुंडाळून घ्या की रोल. धुवायला मी पाठवतो. मग हाही तपासू," मी म्हणायचो.

"रोल सरू दे, मंग दखूत."

एकदा मी हट्टच धरला, तर कॅमेरा माझ्या हातातून काढून घेत ते हळूच म्हणाले, "आत अक्का शे, भाऊ. उजेड लागी जाई." मला वाटलं, म्हातारपणाचा हळवेपणा.

यंदा नाना गेले. त्यांच्या मुलाने डबा आणि कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "काका, तुम्हीच ठेवा. मला यातलं काही कळत नाही."

घरी येऊन डबा जोडला, बॅटरी पेटवली. रोल धुऊन मुलाला आईचे फोटो पाठवावेत, असं मनात होतं. त्याआधी नानांच्याच कॅमेऱ्याने एक फोटो या डब्याचा घ्यावा म्हणून बटण दाबलं, लिव्हर ओढली, आणि सवयीने नजर डाव्या खुंटीकडे गेली. ती हलली नाही. फिल्म सैल असेल म्हणून नानांनी शिकवल्याप्रमाणे खुंटी हलकेच उलटी फिरवून ती आधी ताणून घेतली आणि पुन्हा ओढली. खुंटी जागच्या जागी. बठ्ठा फोटू हवामा.

जन्मभर लोकांच्या खुंट्या बघणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणू?

मी बॅटरी विझवली. तो कॅमेरा आता माझ्या कपाटावर आहे. कुणी उघडायला मागितला, तर मी देत नाही. आत अक्का आहेत.