थांबा सर, हात

धुळ्याहून नानांचा, म्हणजे सुमनअक्कांच्या यजमानांचा फोन आला, तेव्हा मी वॉर्डातल्या बेसिनवर हात धूत होते. मोबाईल खिशात थरथरत राहिला. मी बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं सगळं आटोपलं आणि मगच त्यांना फोन लावला. "गई ती," एवढंच ते म्हणाले. अर्धवट धुतलेल्या हातांनी फोन घेतला असता, तर अक्कांनी मला तिथूनही सोडलं नसतं.

अक्का आमच्या जळगावच्या हॉस्पिटलात जंतुसंसर्ग रोखायचं काम बघायच्या आणि त्या कामात नव्याने येणाऱ्या मुलींना तयार करायच्या. तयार करायच्या म्हणजे छळायच्या. मी अमळनेरहून हजर झाले ती लग्नानंतर पंधरा दिवसांनी, हातभर हिरवा चुडा घालून. "काढ," त्या म्हणाल्या. वर्षभर उतरवायचा नाही असं सासूबाईंनी बजावलं होतं, म्हणून मी रडले. त्यांनी माझ्या हातांना साबण चोळला आणि एकेक बांगडी स्वतः उतरवून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. त्यात आधीच कितीतरी जणींच्या बांगड्या होत्या. "जंतू बांगडीखाली जगतात. नवरा काही बांगडीवर जगत नाही," असं वर ऐकवलं. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून तिरस्कार वाटला.

पहिला महिना मला एकच काम होतं. हात न धुता कुणीही पेशंटला शिवायला गेला की म्हणायचं, थांबा सर, हात. माझी परीक्षा घ्यायला अक्का स्वतःच न धुतलेला हात पेशंटकडे न्यायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायच्या. मी गप्प राहिले की सगळ्यांदेखत म्हणायच्या, मारलंस याला. नशिराबादचे एक आबा ते ऐकून इतके हादरले, की त्याच दुपारी डिस्चार्ज मागू लागले. पुढे मी मावशींना, वॉर्डबॉयना, शिकाऊ डॉक्टरांना बेधडक थांबवू लागले. मोठ्या सर्जन सरांपुढे मात्र दातखीळ बसायची. निवृत्त होताना अक्कांनी तो बांगड्यांचा डबा माझ्या हाती दिला. "बाकी बठ्ठं येतं तुला," त्या म्हणाल्या, "एक शब्द येत नाही."

यंदा त्या घरात घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं. दुसऱ्या दिवशी तेच मोठे सर राउंडला आले. शेजारच्या खाटेवरचं ओलं ड्रेसिंग त्यांनी चाचपून पाहिलं आणि त्याच हाताने अक्कांच्या पट्टीची कड उचलली. मी फाईल घेऊन शेजारी उभी होते. अक्का सरांकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या... अगदी पूर्वीसारख्या. मी फाईलची पानं उलटत राहिले.

सर गेल्यावर त्या म्हणाल्या, "तू बोलनी नही."

मी चिडून विचारलं, तुम्हाला तोंड नव्हतं का?

"मी आते पेशंट शे."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. स्वतःच्या जखमेवर माझी परीक्षा घेणाऱ्या त्या बाईचा मला अजून राग येतो.

चौथ्या दिवशी ताप चढला, जखमेत पू झाला. त्यांचा मुलगा त्यांना धुळ्याला घेऊन गेला. महिनाभरात सगळं संपलं. संसर्ग त्याच हाताने झाला असं कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही, हे मी स्वतःला रोज सांगते. ते खरंही आहे आणि माझ्या काही उपयोगाचं नाही.

धुळ्याला पोचले तेव्हा अक्कांच्या नणंदबाई त्यांना हिरव्या बांगड्या भरत होत्या, सवाष्ण गेली म्हणून. सुजलेल्या हातांवरून त्या चढेनात. "साबण आणा गं," कुणीतरी म्हणालं. नोकरीला लागल्यापासून ज्या हातांत काचेचा तुकडाही नव्हता, ते फेसाने माखून डझनभर बांगड्या आत सारल्या. दोन फुटल्या. मी दाराशी उभी होते. तेव्हाही माझ्या तोंडून थांबा निघालं नाही.

गेल्या आठवड्यात पिंप्राळ्याची एक नवी मुलगी रुजू झाली. तिच्याही बांगड्या मी त्याच डब्यात टाकल्या. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम हात न धुता एका पेशंटच्या सलाईनकडे हात नेला आणि तिच्याकडे बघत थांबले.

"थांबा मॅडम, हात," ती म्हणाली. सहज, किती वाजले सांगावं तशी.

तिला शाबासकी द्यायला हवी होती. पण मला तिचा इतका संताप आला, की तिच्याकडे न बघता मी बेसिनशी गेले आणि कितीतरी वेळ नुसते हात धूत राहिले.