गवताची नसबंदी

गवत कापलं की आठवड्यात वाढतं. किस्से न कापताच वाढतात! सोलापूरच्या एका गिरणीत मी बागेचा सुपरवायझर होतो. ऑफिसर्स क्लबपुढची हिरवळ राखायची, एवढंच काम. आता कुणी म्हणतं, "गवतात कसले आलेत किस्से?" मी म्हणतो, "बसा. चहा सांगा."

*

आमचं गवत कापायचं मशीन बैल ओढायचा. बैलाचं नाव राजा. त्याला हाकणारा माळी मल्लप्पा, अक्कलकोटकडचा.

हिरवळीवर खुरांचे वण उठतात म्हणून मॅनेजर कर्णिकसाहेबांनी राजाला चामड्याचे चार बूट शिवून घेतले. मल्लप्पानं ते बांधले आणि मग स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघितलं.

"साहेब, फुडल्या जल्मी बैलच व्हतो की!"

साहेब ओशाळले. आठवड्यात मल्लप्पाला चपला मंजूर झाल्या. हेडक्लार्कनं मंजुरीच्या कागदावर लिहिलं होतं, 'बैल क्रमांक दोन'!

*

शहात्तर सालच्या पावसाळ्याच्या तोंडावर साहेबांनी मुंबईहून एक डबा मागवला. आत गवताची वाढ रोखणारं औषध!

"हे फवारलं की गवत हिरवं राहतं, पण वाढत नाही," साहेब म्हणाले. "दर आठवड्याला कापायला नको. महिन्यातून एकदा बास!"

मल्लप्पानं डबा हुंगला. "मरत न्हाय, नुस्तं वाढत न्हाय?"

"बरोबर."

"म्हंजे गवताची नसबंदीच की!"

दिवस आणीबाणीचे. मल्लप्पा हे गेटवरच्या रखवालदाराजवळ बोलला. दुपारपर्यंत गिरणीभर झालं, 'नसबंदीचं औषध आलंय, पंपानं मारणार हायेत!'

मला काय पत्ता? पाठीवर पंप लावलेल्या मल्लप्पाला घेऊन मी विणकाम खात्यासमोरून निघालो. आतले माग एकेक करत बंद पडले. मागच्या दारातून ही पळापळ! खातं ओस. एकच म्हातारा विणकर मागावर शांत बसलेला.

"तुम्ही नाही पळालात?"

"मला अकरा हायेत साहेब. आता मारा, न्हाय तर ऱ्हाऊ द्या!"

*

मल्लप्पाची पहिली फवारणी म्हणजे पाठीवर पंप, तोंडात तंबाखू आणि चाल आपली मनाला येईल तशी. काही पट्ट्यांवर औषध पडलं, काही कोरड्या राहिल्या. पाऊस झाल्यावर कोरड्या पट्ट्यांतलं गवत वीतभर वाढलं, फवारलेलं बोटभरच राहिलं. सगळ्या हिरवळीवर पट्टेच पट्टे! साहेब मला फाडून खाणार, तेवढ्यात मुंबईचे कापडाचे एक बडे गिऱ्हाईक क्लबवर आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"वा! काय कल्पना आहे! सोलापुरी चादर!"

साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "महिनाभर खपत होतो आम्ही!"

*

एकदा मल्लप्पा गावी गेला होता. साहेब म्हणाले, "बैलच हाकायचा ना? त्यात काय!" आणि मशीनचं हँडल धरून निघाले. राजा झकास चालला. पण हिरवळ संपली तरी थांबेना!

"थांब! अरे थांब! स्टॉप!"

राजा बाईसाहेबांच्या गुलाबांतून, टेनिसच्या जाळ्यातून पार कुंपणापर्यंत. मागं साहेब, एका पायात बूट!

मल्लप्पा परतल्यावर म्हणाला, "त्येला मराटी येत न्हाय साहेब, कानडीच कळतं. 'निल्लो' म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये युनियनचे पुढारी काही केल्या थांबेनात. साहेब टेबलावर मूठ आपटून ओरडले, "निल्लो!"

पुढारी मंद्रूपचे, घरात कानडी बोलणारे. गपकन खाली बसले!

*

पुढं औषध चांगलंच लागू पडलं, आणि इथं हसणं संपलं. कापणीच कमी, तर बैल कशाला? साहेबांनी ठरवलं, राजाला बाजारात विकायचं आणि मल्लप्पाला कापसाच्या गोदामात टाकायचं. मल्लप्पानं दोन दिवस जेवणाचा डबा उघडला नाही. राजाच्या मानेवर हात ठेवून गोठ्यात बसून राहायचा. मी साहेबांना विनवून पाहिलं. "भावनेवर गिरणी चालत नाही," म्हणाले.

तरी राजा पुढं सहा वर्षं नोकरीत राहिला. कसा, ते ऐका.

बैल विकायला डायरेक्टरांची सही लागायची. त्यांची खात्री पटावी म्हणून साहेबांनी अर्ध्या हिरवळीवर औषध मारून घेतलं, अर्धी तशीच ठेवली. तीन आठवडे कापणी बंद! मशीन कुलपात टाकलं, किल्ली खिशात घातली आणि स्वारी मुंबईला गेली. मी नेमका टायफॉईडनं घरी.

ठरल्या दिवशी साहेब डायरेक्टरांना घेऊन आले. मीही काठी टेकत पोचलो. बघतो तर दोन्ही बाजूंचं गवत सारखंच बुटकं! उलट बिनऔषधाची बाजू जास्त हिरवीगार.

"फरक कुठाय?" डायरेक्टरांनी विचारलं.

साहेब लालबुंद. किल्ली काढून बघितली, होती खिशातच. शेवटी डायरेक्टरच मल्लप्पाकडं वळले. "काय रे, या बाजूला काय मारलंस?"

मल्लप्पा राजाचं वशिंड खाजवत उभा होता.

"त्या बाजूला औषद हाय साहेब. ह्या बाजूला राजा हाय."

"पण मशीन तर बंद होतं!"

"व्हय की. मशीन बंद व्हतं. राजाचं तोंड कुटं बंद व्हतं?"