ओलं जाळं

लातूर नवीनच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ होता, तेव्हा मी कॉलेजसाठी भोई गल्लीत खोली घेऊन राहत होतो. शेजारचे मामा मासे विकायचे. गावचं तळं आटलेलं, त्यामुळे मासे हैदराबादहून बर्फाच्या पेटीत यायचे. तरी मामा निघताना तांब्याभर पाण्यानं जाळं भिजवून खांद्यावर टाकत. "कोरड्या भोयाचा मासा कोण घेईल?" म्हणत.

"प्यायला न्हाई, अन् जाळ्याला रोज आंघोळ," मामी चिडायची.

मामांचं गिऱ्हाईक म्हणजे बदलून आलेले, गावचं तळं न पाहिलेले साहेब लोक. त्यांतल्या पाणीटंचाईचं काम पाहणाऱ्या साहेबांनी ते ओलं जाळं पाहिलं, तळ्यात पाणी आहे असं वर कळवलं, आणि गल्लीचा टँकर बंद झाला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कोरडं जाळं आणि बर्फाची पेटी घेऊन साहेबांच्या दारात उभे राहिले. शिकलेला म्हणून मला सोबत नेलं होतं. पण बोलले मामाच, "साहेब, तळ्यात चिखलबी न्हाई. मासा हैदराबादचा हाय. टँकर सोडा."

साहेब हसले आणि सोडतो म्हणाले. आतून बाईसाहेब म्हणाल्या, "हैदराबादचा होय? तरीच एवढी चव."

टँकर मिळाला, तरी परतताना मामा धुसफुसत होते. "का रे, आमच्या तळ्याच्या माशाला चव नसती व्हय?"

"असते की, मामा," मी म्हणालो. मी तो कधी खाल्लाच नव्हता.