ट्युलिपला गरम पाण्याची आंघोळ

"गरम पाण्यात बुडवला की ट्युलिप मरतो. एवढंच सांगायचंय ना अमेरिकेला?" मार्टेनने विचारलं.

"मरत नाही," मी म्हटलं. "फुलत नाही."

"गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मेलाच."

मार्टेन माझा बॉस. नेदरलँड्समधल्या लिसेजवळ आमची फुलांचे कंद निर्यात करणारी कंपनी आहे आणि बहुतेक माल अमेरिकेला जातो. मी तिथल्या छोट्या लॅबमध्ये कंद तपासायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे रायस्वाइकला आले, तेव्हा माझी कृषी पदवी कपाटात जाऊन पडली होती. पुन्हा मायक्रोस्कोपपर्यंत पोचायला डच शिकणं, बिनपगारी इंटर्नशिप आणि बरंच मन मारणं लागलं. त्यातून कॉन्ट्रॅक्ट टेम्पररी. अमेरिकेचा माल थांबला तर पहिलं कुलूप लॅबला लागेल, हे मार्टेनने मला आधीच सांगून ठेवलं होतं. डच माणूस वाईट बातमी कॉफीबरोबर देतो, पण देतो.

भानगड अशी होती. कंदात सूत्रकृमी असू शकतात. हे धाग्यासारखे किडे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. डॅफोडिलचे कंद गरम पाण्यात ठेवून ते मारता येतात. अमेरिकेत नवा नियम येऊ घातला होता: बाहेरून येणारा प्रत्येक कंद, ट्युलिपसकट, असाच बुडवून आणा. आता ट्युलिपच्या कंदात पुढच्या वसंतातलं फूल आधीच तयार होऊन बसलेलं असतं. ते बिचारं उकडून निघतं. नियमामागे तिथल्या कंद उत्पादकांची संघटना होती. त्यांना सूत्रकृमींची भीती किती आणि आमच्या ट्युलिपची किती, हे ओळखायला मायक्रोस्कोप लागत नव्हता.

"त्यांना इकडे बोलवू," मार्टेन म्हणाला. "एका टेबलाशी बसू, बोलू, मार्ग निघेल." इथे समुद्र अडवायचा असला तरी आधी मीटिंग होते.

माझा विश्वास अर्जावर. तिकडे नियम पक्का करण्याआधी सरकार लोकांच्या हरकती मागवतं. मी जीव ओतून रिपोर्ट लिहिला. उभे कापलेले कंद, आतल्या करपलेल्या कळ्यांचे फोटो, तक्ते, संदर्भ. इतका नेटका रिपोर्ट मी पदवीलाही लिहिला नव्हता.

वॉशिंग्टनमध्ये आम्ही डेबी नावाची लॉबिस्ट नेमली होती. लॉबिस्ट म्हणजे फी घेऊन तुमचं म्हणणं खासदारांच्या कानावर घालणारी व्यक्ती. आपल्याकडेही अशी माणसं असतात, फक्त व्हिजिटिंग कार्डावर तसं छापत नाहीत.

"रिपोर्ट सुंदर आहे," डेबी व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

"वाचलात?"

"नाही. मला सांग, तुमचे कंद आले नाहीत तर अमेरिकेत रडणार कोण?"

"ट्युलिप," मी म्हटलं. मला राग आला होता.

"ट्युलिप मत देत नाहीत."

"बागकाम करणारे?" मार्टेनने सुचवलं.

"ते दुसरं काहीतरी लावतील. ज्यांना दुखवताना खासदाराला लाज वाटेल, असे लोक हवेत."

मला एकदम आमच्या पॅकिंगमधल्या बायकांची कुरकुर आठवली. दर शरदात एक ऑर्डर यायची, लहान लहान पाकिटांची, प्रत्येकावर कुठल्या तरी शाळेचं नाव. ती कसली ऑर्डर, असं मी विचारलं.

"ती कटकट होय?" मार्टेन म्हणाला. "तिथली पोरं घरोघर कंद विकतात. शाळेच्या बँडच्या गणवेशासाठी."

डेबी खुर्चीत सरळ बसली. "कुठल्या राज्यात?"

पुढचं तिने केलं. त्या शाळांच्या पालकांना तिने एकत्र आणलं, संघटनेला छानसं नाव दिलं आणि बघता बघता एक दबावगट उभा राहिला. आपण दबावगट आहोत हे त्यांनाही आधी ठाऊक नव्हतं. सरकारकडे हरकतींचा पाऊस पडला. त्यात 'सूत्रकृमी' हा शब्द औषधालाही नव्हता. एका आईने लिहिलं होतं, ट्युलिप नाहीत तर माझ्या मुलाने ट्रॉम्बोन कुठल्या कपड्यांत वाजवायचा? नियमाला पाठिंबा देणारे एक खासदार लवकरच त्या बँडबरोबर फोटोत दिसले, हातात लाल ट्युलिप. मग उत्पादकांच्या संघटनेलाही आपण पहिल्यापासून मुलांच्याच बाजूचे असल्याचं आठवलं.

ट्युलिपला सूट मिळाली. सरकारी खुलाशात कारण दिलं होतं, 'ठोस शास्त्रीय पुरावा'. खाली तळटीपेत माझा रिपोर्ट. मला रडूच आलं, आनंदाने की संतापाने, कळेना.

"अगं, जिंकलीस की!" नवरा म्हणाला.

"मी कसली? ट्रॉम्बोनवाले जिंकले."

त्यानंतर मार्टेनने मला बोलावलं. समोर पर्मनंट कॉन्ट्रॅक्ट. सही करायला पेन उचललं आणि पदाचं नाव वाचलं: एक्स्टर्नल रिलेशन्स.

"आणि लॅब?"

"तपासणी बाहेरून करून घेऊ. ती कोणीही करेल," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "शाळा तुला सुचली."

माझी लॅब वाचवायला निघाले होते, आणि इतकं चांगलं जमलं की लॅबच गेली. घराचे हप्ते आहेत, सही केली.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच: अमेरिकेत निर्णयाला शास्त्र लागतं, पण निर्णय झाल्यावर. सध्या आमच्या हायसिंथच्या कंदांवर नवा नियम येतोय. त्यासाठी मी निवृत्त सैनिकांचं एक मंडळ शोधून काढलं आहे. हायसिंथला नेमका रोग कोणता, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही.