सगळी वाद्यं थांबतात ती जागा

माझ्या मुलाच्या उजव्या हाताचं एक बोट हलतं. बाकी तो हलत नाही, बोलत नाही. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून असंच. इथं आखातात, अल रीमच्या फ्लॅटमधला सोफा भिंतीला सरकवून हॉलमध्येच त्याचा पलंग लावलाय.

डॉक्टर म्हणाले, बोट आपोआप हलतं, त्याला अर्थ नाही. मी म्हटलं, तुमचं शिक्षण तुमच्यापाशी ठेवा. पोरगा माझा आहे, तो ठेका धरतोय.

ठेका त्याच्या त्या तबकडीचा. नॉर्वे का स्वीडन, तिकडच्या थंड मुलखातल्या माणसांनी वाजवलेली. बरा होता तेव्हा सुट्टीच्या दिवशी ती लावायचा आणि सोफ्याच्या हातावर बोट आपटत बसायचा.

"बाबा, हे रॉक आहे, पण याच्या अंगात जॅझ येतं."

"मग उतरवायला भगत बोलव."

तो हसायचा. "गावच्या भजनात जन्मभर टाळ कुटलात ना? धरा की याचा ठेका."

मी चौथी शिकलेला माणूस, पण टाळात कुणाला हार गेलो नाही. इथं मात्र जायचो. सात मोजून होतात न होतात तोच पाच येतात. सॅक्सोफोन भलतीकडेच पळतो, ड्रमवाला त्याला सोडून तिसरंच काही करतो. मी मांडीवर थाप मारली की हा म्हणायचा, "चुकलात."

एक जागा तेवढी मला सापडली होती. दुसऱ्या बाजूला, शेवटाकडे, सगळी वाद्यं भरधाव येतात आणि एकदम थांबतात. एसीची घरघर ऐकू येते, इतकी थांबतात. मग सगळी मिळून एकच घाव घालतात. त्या शांततेत त्याचं बोट हवेत थांबलेलं असायचं. घावाबरोबर खाली यायचं. एकदाही चुकला नाही.

आता रोज दुपारी मी तबकडी लावतो. बोट हलतं. पण ते ठेक्यात आहे की नुसतं हलतंय, हे मला कळत नाही. भजन लावून पाहिलं, तेव्हाही तसंच हललं, ठेक्याला सोडून. पण भजनाचं त्याला कधी वेड नव्हतं, म्हणून मी ते धरलं नाही. नात शाळेत कीबोर्ड वाजवते, तिला उभं केलं. ती बराच वेळ बापाच्या बोटाकडे बघत राहिली. "आबा, आय कान्ट टेल. इट कीप्स चेंजिंग," म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या जागेवर सगळं कळलं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ती यायच्या आधी मी सुई उचलत असे.

परवा सूनबाई म्हणाली, "बाबा, यांना पुण्याला ठेवायचं म्हणतेय. तिथे अशा पेशंटना सांभाळणारी माणसं असतात. नोकरी करून हे सगळं माझ्याच्यानं होत नाही. यांना काही कळतंय असं वाटलं असतं, तर मी हा विषयच काढला नसता."

"कळतंय त्याला. दाखवीन तुला," मी म्हणालो.

काल ती आतल्या खोलीत मीटिंगला बसली होती. तिला बोलवायच्या आधी आपण एकदा बघू, म्हणून दुसरी बाजू लावली. खुर्ची पलंगाला टेकवली, त्याची बोटं चादरीवर नीट पसरली. या वेळी सुई उचलली नाही.

वाद्यं आली, थांबली. एसीची घरघर ऐकू आली.

बोट थांबलं नाही. आधी हलत होतं त्याच चालीनं शांततेतही हलत राहिलं. घाव पडला, तोही त्याच्या गावी नव्हता. तबकडी संपली तरी बोट चालूच होतं. मी त्यावर हात ठेवला. हाताखालीही ते हलत होतं.

सूनबाई दारात आली. "हललं का बोट, बाबा?"

"हललं," मी म्हणालो. "तू तिकिटं काढ."