राक्षसांची बाजू घेणारे सर

राक्षसवाल्या सरांना कुणी राक्षसाला नुसतं वाईट म्हटलेलं खपत नसे. "सकाळी उठून ह्यो खातो काय, ते आधी सांगा की," असं ते विचारत. समोरच्याला सांगता आलं नाही, तर म्हणत, "मग तुला तो ठाऊकच न्हाय. शिव्या कशाला देतोस?"

राजारामपुरीत एका दुकानावरच्या दोन खोल्यांत संगणकावरचे खेळ तयार व्हायचे. मी तिथं झाडलोट आणि चहा करायची. तेव्हा चाललेल्या खेळात खेळणारा वीर होऊन गावोगाव फिरायचा, माणसांशी बोलायचा आणि शेवटी दुष्टाला गाठायचा. चित्रं काढणारी मुलं वेगळी होती. सर फक्त दुष्टांचं बोलणं लिहीत. अंगानं आडवे, खिशाला कायम शाईचा डाग. पण राक्षसाची आई वारते ते लिहिताना त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले आहेत.

खिडकीशी एक लोखंडी खुर्ची होती. तिच्यावर बसेल त्यानं दुष्ट होऊन उत्तरं द्यायची, आणि खरी द्यायची, असा सरांचा नियम होता. मुलं चेष्टा करत. एक जण म्हणाला, "माझ्या गुहेत लोडशेडिंग हाय सर, म्हणून पिसाळलोय." सर हसले आणि तेही वहीत लिहून घेतलं.

त्या खेळात एक चेटकीण होती. गावातल्या हुशार मुलीला गडावरच्या शाळेतून बोलावणं येतं आणि चेटकीण ते मुलीपर्यंत पोचू देत नाही. का, ते सरांना सापडत नव्हतं. कुणी म्हणालं, हाव. सर चिडले. "हाव म्हंजे आपल्याला कारण म्हाईत न्हाय, एवढंच."

एका दुपारी मुलं जेवायला गेली होती. सर मला म्हणाले, "मावशी, तुम्ही बसा की." मी नको नको म्हणत बसले.

"चेटकीणबाई, पोरीला का जाऊ दिलं न्हाईसा?"

"ती गेल्यावर घरात कोण? सासू अंथरुणाला. मला चौथीतनं काढली तवा कुणी इचारलं न्हाई. पत्र पिठाच्या डब्यात ठेवलं. तारीख गेल्यावर चुलीत घातलं."

सरांचं लिहिणं थांबलं. चेटकिणीच्या घरी सासू नव्हती. माझ्या धाकट्या नणंदेला डी.एड.चं बोलावणं आलं होतं, ते मी असंच जाळलं होतं. हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.  उठून चहा सरांनीच केला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लिहिलेलं मुलांना वाचून दाखवलं.  "हिला मारायला हात उचलेना सर," एक मुलगा म्हणाला. मी फडकं घेऊन दारात उभी होते. सगळ्यांना माझी दया आली होती आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

मुलं गेल्यावर मी कसंबसं विचारलं, "सर, त्या पोरीला काय बोलायला दिलंय?"

सरांनी कागद चाळले. तिला एकही वाक्य नव्हतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "ती काय बोलंल, मावशी?"

"मला काय ठाऊक. मी तिला सांगितलंच न्हाई."

"मग सांगून बघा की. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. ते पान त्यांनी कोरं ठेवलं.

रविवारी मी गारगोटीला त्याच नणंदेकडे, वन्संकडे गेले. वळचणीला गल्लीतली पाच-सहा पोरं पाढे म्हणत बसली होती. "फुकटची शाळा माझी," वन्सं हसून म्हणाल्या. "पर पोरं बाई म्हणत्यात, वहिनी." मग त्यांनी पोहे केले, आणि आईचं सगळं तुम्हीच केलंसा म्हणून माझा हात धरला. शब्द ओठापर्यंत आला होता. मी पोहे खाल्ले आणि पाचच्या एस.टी.नं परत आले.

सोमवारी सरांनी डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, "सांगितलं. त्या काय बोलल्या न्हाईत. हात धरला नुसता."

सरांनी खुर्ची ओढली आणि तसंच लिहिलं. मुलगी सगळं ऐकून घेते, काही बोलत नाही, चेटकिणीचा हात धरते. मुलं म्हणाली, सगळ्या खेळात एवढी जागा सगळ्यात चांगली. वन्संना ते पत्र आजही ठाऊक नाही.

वर्षभरात सरांना बेंगळुरात काम मिळालं. जाताना मुलांनी पेढे वाटले. जिन्यात सर माझ्यासाठी थांबले आणि हळूच म्हणाले, "मावशी, तुमच्या वन्सं लई मोठ्या मनाच्या. त्यांना माझा नमस्कार सांगा."

मी मान हलवली आणि त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.